तिसऱ्या खड्ड्याचं सुतक

त्यांच्या परसात तीन खड्डे होते आणि तिघांपैकी एकाला तरी कायम सुतक असे.

हे मला तंजावुरातल्या पहिल्याच सकाळी कळलं. राजवाड्यामागच्या गल्लीत, त्यांच्या माडीवरच्या खोलीत मी आदल्या दिवशी राहायला आले होते. केळ्याची सालं टाकायला म्हणून मागच्या दाराने कोल्लैत गेले. तंजावुरात परसाला कोल्लै म्हणतात, तिथले मराठी लोकही तेच म्हणतात. अरुंद घर आणि त्याच्यामागे घराच्या दुप्पट लांबीची कोल्लै. मी जवळच्या खड्ड्यात सालं टाकणार, तेवढ्यात विहिरीकडून आवाज आला.

"तिकडे नको, पोरी. त्याज सुतक आहे. पलीकडल्यात टाक."

मी विचारलं, कोण गेलं? ते म्हणाले, कोणी नाही, काल शेण घातलं.

पंचा नेसलेला सत्तरीचा काटकुळा माणूस, पायात रबरी चपला, हातात लोखंडी कांब. चेहऱ्यावर हसू नव्हतं. ते थट्टा करताहेत की खरंच सांगताहेत हे मला कळलं नाही. पुढे दोन वर्षं त्या घरात काढली, तरी त्यांच्याबाबतीत हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. गल्लीत सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

खड्ड्याचं सुतक पुढीलप्रमाणे पाळायचं असे. ताजं शेण किंवा लेंड्या खड्ड्यात पडल्या, की सुतक सुरू. खड्ड्याच्या डोक्याशी पाटी टांगलेली, तिच्यावर खडूने तिथी. मग खड्डा तापायला हवा. मामा रोज सकाळी कांब खड्ड्याच्या पोटात खुपसत, थोड्या वेळाने उपसत आणि मुठीत धरत. मूठ झटकन सोडावी लागली, तर म्हणत, "ज्वर आहे. चांगला आहे." ज्वर उतरला की खड्डा उलटायचा, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर, म्हणजे कडेला दडून बसलेल्यालाही ताप येईल. असे तीन ज्वर झाले की मग त्याला पुरतं गार पडू द्यायचं आणि एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, कोणी हात लावायचा नाही. मध्येच कोणी ओंजळभर ताजं शेण वरून टाकलं तर सगळं पहिल्यापासून. "घरात एक सुतक फिटायच्या आधी दुसरं माणूस गेलं तर काय करशील? तसंच हे," असं ते समजावत.

सुतकी खड्ड्याचं फावडं वेगळं, बादली वेगळी, चपलासुद्धा वेगळ्या. त्या खड्ड्याचं काम झालं की विहिरीवर आंघोळ, त्याआधी स्वयंपाकघरात पाऊल नाही. मांजरांवर त्यांचा राग होता. खड्ड्यांवर ते नारळाच्या झावळ्या आणि झावळ्यांवर काटे घालत. कुत्र्याचं, मांजराचं, डुकराचं खड्ड्यात कधीही यायचं नाही. "त्यांचं सुतक फिटत नाही," एवढंच कारण सांगत. शेजारची सून गरोदर होती, ती एकदा माती मागायला आली तर तिला त्यांनी कुंपणापलीकडूनच परत पाठवलं. मला संताप आला. बाई गरोदर असली की अशुभ, असंच ना? मी त्यांना जाब विचारला. त्यांनी मांजराकडे बोट दाखवलं आणि काम करत राहिले. मांजराच्या विष्ठेतल्या जंतूने पोटातलं बाळ दगावू शकतं, हे मला पुढे एका डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, पण त्या दिवशी मी माडीवर जाऊन वहीत निषेध लिहून काढला.

निषेध लिहिणं मला सोपं जाई, कारण मी पत्रकांवर वाढले. इचलकरंजीला वडिलांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि उरलेल्या कागदावर गिरणी कामगारांची, पाणीपट्टीविरोधाची, जातपंचायतविरोधाची पत्रकं निघायची. अक्षरं मी पाटीवर नाही, छपाईच्या खिळ्यांवर शिकले, आणि तीही उलटी. पत्रकात वाक्यं दोनच प्रकारची असतात, मागणीची आणि निषेधाची. तिसऱ्या प्रकारचं वाक्य कसं लिहितात ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

तंजावुरात मी आले ती एका महिला संघटनेच्या बालवाडीसाठी. बालवाडी शहराबाहेर, कालव्यापलीकडच्या वस्तीत होती. ज्यांना गावाने पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवलं त्यांची ही वस्ती. मला तमिळ येत नव्हतं, म्हणून संघटनेने मराठी घर शोधून दिलं. त्या वर्षांत खतांच्या किमती एकदम चढल्या होत्या. पेपरात रोज नवीन परदेशी कंपनीचं नाव असे, आणि राजवाड्यासमोरच्या चौकात एका थंड पेयाचा मोठा लाल फलक लागला होता. मी पेटून उठलेली. माझ्या पहिल्याच पत्रकाचं शीर्षक होतं 'शेणाला कंपनी नसते'. बालवाडीमागच्या पडीक जागेत वाफे करायचे, गाईचं शेण घालायचं, मुलांना तिथलीच भाजी खाऊ घालायची. बाजाराला आमचं हे उत्तर होतं. आणि नेमकी मी राहायला आले ती शेणाला कोंडून ठेवणाऱ्या माणसाकडे.

त्यांचं शेणाशी काय नातं आहे तेच मला उमजेना. देवळाचा हत्ती गल्लीतून जाई तेव्हा शेजारची मामी त्याच्या लिदीतून अनवाणी पाय फिरवून घेई. तिकडे ते शुभ मानतात. मामा मागोमाग टोपली घेऊन जात आणि ती लीद थेट सुतकी खड्ड्यात टाकत. मामी एकदा चिडून म्हणाली, देवाच्या हत्तीच्या लिदीला कसलं आलंय सुतक? मामा म्हणाले, "हत्ती देवाचा, मामी. पोट त्याचंच."

मला वाटलं, सापडला, हा तर नास्तिक. पण दुसऱ्याच दिवशी ते सोवळं नेसून, घंटा वाजवत तासभर पूजा करत होते, आणि दारातल्या सड्याला शेण होतंच. सड्याच्या शेणाची पाटी कुठे, असं मी विचारलं. ते म्हणाले, उंबरा कोणी चावून खात नाही.

त्यांचा धंदा काय होता हे मला चार महिन्यांनी त्या शेजारच्या मामीकडून कळलं. मामांनी एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली होती आणि त्या तीस वर्षांत पाहिलं काय, तर लोकांची विष्ठा. अर्ध्या शहराचे जंत त्यांच्या नजरेखालून गेले होते. ते माणसांची नावं विसरत, पोटं विसरत नसत. गल्लीतले भलेभले वकील आणि प्राध्यापक त्यांच्यासमोर जरा नरमाईने बोलत, त्याचं कारण हे होतं. मामांनी कोणाचं कधी कोणाला सांगितलं नाही. पण रस्त्यात कोणी भेटलं की ते चेहऱ्याकडे बघायच्या आधी नखांकडे बघत.

हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. कोडं सुटलं, असं मी धरून चालले. सुतक वगैरे सगळं वरवरचं, आत विज्ञान आहे. लोक जंतांच्या अंड्यांना भीत नाहीत, विटाळाला भितात, म्हणून हा शहाणा माणूस तशी भाषा वापरतो. मी खाली जाऊन हे त्यांना कौतुकाने सांगितलं. ते दुखावले. पंचाने हात पुसत म्हणाले, "असं लबाडीनं मी बोलत नाही. सुतक सुतकच." आणि त्या संध्याकाळी त्यांनी मला रोजची कॉफी दिली नाही.

सेल्वीबद्दल सांगायला हवं. कालव्यापलीकडच्या वस्तीतली ही पंचविशीची बाई बालवाडीत माझ्याबरोबर काम करायची. तिच्या सासूच्या दोन गाई होत्या. रोज सकाळी बालवाडीकडे जाण्याआधी सेल्वी मामांच्या कोल्लैच्या मागच्या फाटकाशी शेणाची पाटी आणून ठेवी. फाटकाबाहेर एक दगड होता, पाटी त्या दगडावर. मामा येऊन उचलत. पाटी उचलण्याआधी उलटतपासणी: गाय चरली कुठे, हगवण लागली आहे का, कसलं औषध दिलं का. सेल्वी हसून उत्तरं देई. एकदा म्हणाली, "सार, माझ्या सासूची एवढी चौकशी कोणी केली नाही."

पण आत ती कधी आली नाही. मी विचारलं तर मामा म्हणाले, कच्चं शेण घेऊन कोणीच आत येत नाही. आणि खरंच, स्वतः पाटी आणल्यावर ते आंघोळ केल्याशिवाय घरात शिरत नसत. तरीही दूधवाला पुढच्या दाराने येई, तोही गोठ्यातूनच आलेला असे, आणि त्याला कोणी दगडावर थांबवत नसे. मी दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या. बेरीज जमली नाही.

ऐप्पसी महिन्यात, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला, कुंभकोणमला मामांची थोरली, बिनलग्नाची बहीण गेली. तेरा दिवस ते तिकडे राहणार होते. आता त्यांना स्वतःला सुतक, तेव्हा खड्ड्यांचं कोणी पाहायचं? मी त्यांच्या गोत्राची नाही, म्हणून मला चालणार होतं. बसला निघण्यापूर्वी, रडून लाल झालेल्या डोळ्यांनी त्यांनी मला कोल्लैत नेलं आणि एकेक खड्डा दाखवला. पहिला शुद्ध, लागेल तेवढं घे. दुसऱ्यात साली टाक. तिसऱ्याला हात लावू नको.

"पाऊस लागला आहे," ते म्हणाले. "भिजल्यावर त्याज ज्वर येईना. तिथीवर जाऊ नको."

मी हो म्हटलं.

पहिला खड्डा तळाला गेलेला होता. बालवाडीचे वाफे खणून तयार, पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, मुलांना पहिली भाजी द्यायची असं मी वस्तीत सांगून बसलेली, आणि खत अर्ध्या वाफ्यालाच पुरलं. आठव्या दिवशी मी तिसऱ्या खड्ड्यावरच्या झावळ्या काढल्या. हात घातला. गार होतं, काळसर होतं, फारसा वासही नव्हता. पाटीवरच्या तिथीला सव्वा महिना झालेला. गार म्हणजे पिकलेलं, असं मी ठरवलं. ते अजून तापलंच नव्हतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं. पण सुतक हा शब्द मला आडवा आला. एका शब्दापायी मुलांची भाजी अडवायची? माझ्या वडिलांनी ज्या शब्दाविरुद्ध दहा पत्रकं काढली, तो मी शेणाच्या ढिगाला लावून घेऊ? सेल्वीला तीनचाकी सायकल घेऊन बोलावलं, तिला पहिल्यांदा फाटकाच्या आत आणलं आणि आम्ही दोघींनी सहा टोपल्या भरल्या. तिने विचारलं, सार चालेल म्हणाले का? मी म्हटलं, त्या जुन्या समजुती आहेत, आपण नाही मानत. वाफ्यात आम्ही मुळा आणि कोथिंबीर लावली, कडेने कीरै, म्हणजे तिथली पालेभाजी.

मामा परत आले ते वाळलेले, डोकं भादरलेले. आल्या आल्या कोल्लैत गेले. मी माडीवरून बघत होते. तिसऱ्या खड्ड्याशी ते बराच वेळ उभे राहिले. मग मला हाक मारली.

मी सगळं सांगितलं, वर माझी बाजूही मांडली. चांगली मांडली. शेवटी म्हटलं, सुतक मी मानत नाही.

"तू नको मानू," ते म्हणाले. "अंड्यांस कळवलीस काय, तू मानत नाहीस म्हणून?"

ते ओरडले नाहीत. कीरै शिजेल, तिची काळजी नाही, असं म्हणाले. पण मुळा मातीत वाढतो आणि मुलं तो कच्चा खातात, कोथिंबीर कच्ची पडते, धुऊन सगळं जात नाही. कच्चं खत पडलेल्या वाफ्यातलं चार महिने कच्चं खायचं नाही. "त्यांस सांग. तूच सांग. मी सांगून उपयोग नाही."

मी सांगते म्हटलं. आणि मग त्याच बैठकीत, का कोण जाणे, भांडणाचा एक धागा हातात ठेवावा म्हणून असेल, मी विचारलं की तेराव्याला पंचगव्य घेतलंत ना? त्यात काय असतं? त्याचं मंडल मोजलंत का?

"घेतलों," मामा म्हणाले. "तीन दिवस पोट धरून होतों."

"मग का घेतलंत?"

"अक्का होती माझी."

मी उठून माडीवर गेले.

मी वस्तीत सांगितलं नाही. रोज सांगणार होते. मुळ्याची पानं वर आली, मुलं रोज वाफ्याभोवती बसून मोजायची, बायका म्हणायच्या की या जागेत कधी गवतही धड उगवलं नव्हतं. मीच सेल्वीला जुन्या समजुती म्हटलं होतं, आता कुठल्या तोंडाने माघार घ्यायची? मामा अधूनमधून विचारत, सांगितलीस काय? मी हो म्हणे. मनात ठरवलं होतं की काढताना पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात धुऊ, मुळा सांबारात घालू, काहीतरी करू. पोंगलच्या दोन दिवस आधी सकाळी सेल्वीने फाटकाशी पाटी ठेवली आणि खुशीत मामांना म्हणाली, "सार, परवा आमची पोरं तुमच्या खताचा मुळा खाणार. वाफ्यातून उपटून, तिथल्या तिथे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बालवाडीत पोचले तर वाफ्यात मामा होते. पंचा वर खोचलेला, वेगळ्या चपला पायात. ते एकटे मुळे उपटून पोत्यात भरत होते. अर्धा वाफा रिकामा झाला होता. पोरं भिंतीला टेकून गप्प उभी होती आणि वस्तीतल्या पंधरावीस बाया भोवती जमल्या होत्या. कोणी त्यांना हात लावला नाही. म्हातारा, ब्राह्मण, शिवाय मुलाबाळांचे जंत तपासून दिलेला माणूस. पण सेल्वी पुढे झाली.

"आमच्या पोरांनी तुमचं खाल्लं तर काय होतं, सार?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना दोन वाक्यं पुरली असती. ही खोटं बोलली, खत कच्चं आहे. ते बोलले नाहीत. मी बोलेन म्हणून वाट पाहत राहिले असावेत. मीही बोलले नाही. माझ्या संघटनेच्या दोघी बाजूला उभ्या होत्या, मुलं होती, सेल्वी होती. तोंड उघडलं की सगळ्यांना कळणार होतं की मी त्यांच्या पोरांच्या पानात माझी तत्त्वं वाढली. मामांनी खाली वाकून शेवटची ओळ उपटली. कोथिंबीर उपटली. कीरै ठेवली. पोतं बांधलं. तेवढ्यात एका म्हातारीने, कशी कोण जाणे, रागातही पाहुण्याला देतात तसा त्यांच्यापुढे पाण्याचा लोटा धरला. त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि पोतं सायकलला लावून निघून गेले.

हातांना शेणमाती होती म्हणून नको म्हटलं? की त्या लोट्यातलं नको होतं? मी चार हात अंतरावर उभी होते आणि मला सांगता येत नाही.

संघटनेच्या दोघींना संशय नव्हता. उघड उघड अस्पृश्यता. ताबडतोब पत्रक काढायचं, तमिळमध्ये भाषांतर होईल, मसुदा मी करायचा. मी त्याच दुपारी बसले. पहिल्या चार ओळी अशा उतरल्या की हात थांबेना. 'शेणाला सोवळं, लेकरांना उपास.' इतकं चांगलं शीर्षक मला आयुष्यात सुचलं नव्हतं. सगळं त्यात बसत होतं: फाटकाबाहेरचा दगड, गरोदर सून, नाकारलेला लोटा. फक्त खत कच्चं होतं, एवढं बसत नव्हतं.

पोंगल झाला. मुलांनी गोड भात खाल्ला, मुळा नाही. दोघातिघांना हगवण लागली, पण बालवाडीत दोघातिघांना ती नेहमीच असे. त्याचा आमच्या खताशी संबंध होता का, कोणी चोरून एखादा मुळा आधीच खाल्ला होता का, कोण सांगणार?

तिसऱ्या दिवशी सेल्वी माझ्या टेबलाशी आली. मसुदा समोर होता. तिला मराठी वाचता येत नव्हतं. बोट ठेवून तिने विचारलं, "यात आमच्याबद्दल लिहिलंय, अक्का. खरं आहे ना?"

मी सगळं सांगितलं. सहा टोपल्या, पाऊस, न आलेला ज्वर, मामांनी दिलेला निरोप, माझं रोजचं खोटं हो. माझ्या मोडक्या तमिळमध्ये त्याला बराच वेळ लागला. ती मध्येच रडेल किंवा मला मारेल असं वाटत होतं. तिने दोन्ही केलं नाही.

"तुम्ही आम्हाला विचारलं नाही," ती म्हणाली. "त्यांनीही विचारलं नाही. पोरं आमची. एकाने खायला घालायचं ठरवलं, एकाने उपटायचं ठरवलं."

मी माफी मागितली. ती तिने घेतली की नाही ते कळलं नाही. मसुद्याचा कागद तिने उलटा केला, कोऱ्या बाजूवर पेन्सिल ठेवली आणि विचारलं, "कच्च्याला किती दिवस? शिजलेल्याला किती?" मला आकडे नीट आठवेनात. मी मामांच्या तोंडून ते शंभर वेळा ऐकले होते, पण ऐकताना मी प्रत्येक वेळी उत्तर तयार करत होते.

ती स्वतः गेली. मागच्या फाटकाने नाही, पुढच्या दाराने. मी माडीवर होते. खाली ओट्यावर दोघांचं तमिळ तासभर चाललं होतं. आधी तिचा आवाज चढलेला ऐकू आला, मग त्यांचा, मग बराच वेळ नुसती विचारणा आणि उत्तरं. त्यांनी तिची क्षमा मागितली का, तिने त्यांची मागितली का, लोट्याचा विषय निघाला का, मला ठाऊक नाही. मला खाली कोणी बोलावलं नाही. मी संघटनेला पत्रक होणार नाही असं कळवलं आणि कारणही लिहिलं. एकीने उत्तर पाठवलं की व्यक्तीची चूक वेगळी आणि व्यवस्थेचा प्रश्न वेगळा, कच्चं खत असलं म्हणून दगड खोटा ठरत नाही. तेही मला पटलं. मला त्या दिवसांत सगळंच पटत होतं.

चार महिने बालवाडीमागचा तो वाफा मोकळा राहिला. त्याच्या पलीकडे सेल्वीने आणि बायकांनी स्वतःचा खड्डा केला. झावळ्यांचं छप्पर, वेगळं फावडं, भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा. वाफ्याभोवती गवताची दोरी बांधली होती आणि नियम असा होता की त्या दिवशी कच्च्या शेणाला हात लागलेल्याने दोरीच्या आत यायचं नाही. याला त्या तीट्टु म्हणत. तमिळमध्ये विटाळाला तोच शब्द आहे आणि त्याच शब्दाने त्यांच्या आज्यापणज्यांना विहिरीपासून, देवळापासून दूर ठेवलेलं होतं. मी हे सेल्वीला म्हटलं. दुसरा शब्द घेऊ या, असं सुचवलं. ती म्हणाली, दुसरा शब्द घेतला तर पोरं ऐकत नाहीत. आणि मग म्हणाली, "आता पाळायला आम्ही सांगतो ना."

मे महिन्यातल्या एका सकाळी मामा तिथे आले, त्या दिवसानंतर प्रथमच. ऊन रणरणत होतं. सेल्वी आणि वस्तीतल्या दोघीतिघी वाफ्यात बसून नवी कीरै कापत होत्या, मी जुड्या बांधत होते. मामा सरळ चालत आले आणि दोरीवरून पाय टाकणार, तेवढ्यात सेल्वीने मान वर न करता विचारलं, "सार, आज शेणाला हात लावलात?"

ते थांबले. विचार केला. "लावलों," असं मराठीत पुटपुटले, मग तमिळमध्ये हो म्हणाले.

"मग तिथेच."

बायांची कापणी थांबली. उचललेला पाय मामांनी खाली ठेवला, दोरीच्या बाहेर. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या वडिलांच्या छापखान्यातून निघालेल्या सगळ्या पत्रकांनी मिळून जे मागितलं असतं ते समोर घडत होतं. पण मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तो चेहरा शिष्य उत्तीर्ण झालेल्या मास्तराचा आहे की अपमान झालेल्या म्हाताऱ्याचा, हे मला ओळखता येत नव्हतं.

"सरी," म्हणजे बरं, असं ते म्हणाले आणि दोन पावलं मागे सरले.

मुलं दोरीबाहेरच होती. मघाशी सेल्वीच्या सासूने आणलेलं शेण खड्ड्यात ओतायला त्यांनी मदत केली होती, त्यामुळे त्यांनाही आत बंदी. ती मामांच्या भोवती जमली. उभं राहून मामांना कंटाळा आला असावा, कारण त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि नखं दाखवायला सांगितली. रांगेत पहिली सेल्वीची धाकटी, चार वर्षांची. तिने हात पुढे केला. मामांनी तो धरायला आपला हात उचलला, अर्ध्यावर नेला, आणि तिथेच थांबवला. मग दोन्ही हात पाठीमागे बांधले, कमरेत वाकले, नाक जवळजवळ तिच्या बोटांना लागेल इतके वाकले, आणि म्हणाले, "काप, आजच काप."

धाकटीला वाटलं, अजून काहीतरी व्हायचं आहे. ती तशीच हात पुढे करून उभी राहिली.